पाठीखालचा हात

लालबाग,
एप्रिल १९६०

प्रिय शांता,

तिकडे देवरुखला तुझ्या शाळेच्या परीक्षा चालू असतील, समोर पेपरांचे गठ्ठे असतील. ते बाजूला सार आणि हे आधी वाच. इथे आम्ही सगळे नुसते हवेत आहोत. एक तारखेला आपलं राज्य होणार, आणि तेही मुंबईसकट. गिरगावात वाडीवाडीतून पताका लागल्यात, लालबागच्या नाक्यावर बांबूंची मोठी कमान उभी राहतेय, आणि आमच्या चाळीत कुठल्या मजल्यावर जास्त दिवे लागणार यावरून रोज भांडण होतंय. पण मी लिहायला बसले ते या धामधुमीपायी नव्हे. आपल्या प्रथमोपचार पथकाच्या हातून गेल्या गुरुवारी एक माणूस वाचला, आणि ते कसं झालं हे तुला मीच सांगायला हवं.

आमच्या शेजारचे कुशाबामामा तुला आठवत असतील, गिरणीत साच्यांवर कापड विणणारे, कुठेही चढायचं म्हटलं की पुढे. कमानीवर तोरण बांधायला तेच चढले आणि परांचीचा बांबू मोडला. खाली तासलेल्या बांबूंचा ढीग होता, त्यावर पडले. पथकातली शैला आणि मी समोरच्या व्यायामशाळेत पट्ट्या गुंडाळत होतो. आरडाओरडा ऐकला तशी पिशवी उचलून धावलो. पाहतो तर हात कोपराखाली असा वाकलेला की बघवत नव्हतं. जो तो त्या हाताकडेच बघत होता. एकजण लिंबू सोड्याची बाटली त्यांच्या तोंडाला लावत होता. मामा शुद्धीवर होते, आणि विचारत काय होते, तर कमान पडली का? शैलानं हात फळीला बांधायला घेतला. मी मात्र हाताकडे बघत बसले नाही. त्यांना न हलवता माझा पंजा मानेखालून सरकवला, मग पाठीखालून, कमरेखालून, आणि मांडीखाली गेला तेव्हा गरम लागलं. बाहेर काढला तर मनगटापर्यंत लाल.

शांता, बांबूचं टोक मांडीत मागच्या बाजूनं घुसलं होतं. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. धोतर काळं पडत होतं आणि लोकांना वाटत होतं, हाताचंच रक्त असेल. मी पदराची घडी केली, जखमेत दाबून धरली आणि वरून सगळा भार टाकला. शैलानं गर्दीतल्या दोघांना पाय उचलून धरायला लावले. एक टेम्पोवाला देवासारखा थांबला. इस्पितळाच्या दारात पोचेपर्यंत मी हात काढला नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घडी उचलून पाहिली, पुन्हा घट्ट दाबली आणि म्हणाल्या, "अजून थोडा वेळ गेला असता तर मी काही करू शकले नसते. तुम्हाला खाली बघायला कुणी शिकवलं?" मला रडू यायला लागलं आणि हसूही. मामा आता जेवतात, भांडतात, नर्सबाईंना राज्याच्या गोष्टी सांगतात.

मला ते कुणी शिकवलं, हे तुला ठाऊक नाही. तू पथकात यायची थांबलीस त्यानंतरची गोष्ट आहे ती. तुला एवढंच ठाऊक आहे की छप्पनच्या जानेवारीत, गोळीबाराच्या त्या दिवसांत, परळ नाक्याजवळ गुणाजी नावाच्या माणसाचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. त्याच्या पोटावरची जखम तू, आपल्याला शिकवलं होतं तशीच, बांधलीस. ती पट्टी मी पाहिली आहे, तिच्यावर रक्ताचा ठिपकासुद्धा वाढला नव्हता. पण त्याला उचलून न्यायची कापडाची झोळी खालून भिजत गेली. गोळी पाठीतून बाहेर पडली होती, आणि तो वाचला नाही. तू त्यानंतर पथकात आली नाहीस, आणि महिन्याभरात कोकणात नोकरी धरलीस.

त्या दिवसानंतरच्या रविवारी पथकाला शिकवणाऱ्या जयवंतदादांनी सगळ्यांना व्यायामशाळेत बसवलं. आधी लढाईत जखमी उचलण्याचं काम केलेला माणूस, बोलणं तुटक. म्हणाले, "कुणाचं चुकलं ते विचारायचं नाही. डोळ्यांनी काय पाहिलं आणि हातांनी काय केलं, तेवढंच सांगा." मला जमिनीवर निजवलं आणि तो सगळा प्रसंग पहिल्यापासून करून पाहिला. पट्टी बांधेपर्यंत सगळं बरोबर. मग दादा म्हणाले, "पाठीखाली हात घालायला मी त्या पोरीला शिकवलंच नव्हतं. तो वाचला असता की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पुढच्या माणसाला आपण खालून बघायचं." तेव्हापासून आम्ही प्रत्येक प्रसंगानंतर असेच बसतो. जिन्यावरून पडलेली म्हातारी, माझगावच्या गोदीतला हमाल, कुणीही असो, एकजण निजतो आणि बाकीचे पुन्हा सगळं करून बघतात. त्यातूनच पाठीखालून पंजा फिरवायची सवय हाडात शिरली. कालच्या रविवारी कुशाबामामांचा प्रसंग झाला, तर दादांनी कौतुक सोडून आम्हाला दोन चुका दाखवल्या: सोड्याची बाटली आधी का हिसकावली नाही, आणि मामांना टेम्पोत चढवताना मोडलेला हात कुणी धरला होता? कुणीच नाही. मी मनात म्हटलं, वा, म्हणजे अजून शिकायचं आहेच.

आणि आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. पथकात हल्ली बायकांचा वर्ग चालतो. त्यात महिन्याभरापासून भोईवाड्याच्या जाईबाई येतात, अंगानं किरकोळ, फारसं न बोलणाऱ्या. काल नव्या बायकांनी विचारलं, हा पाठीखालचा हात आला कुठून? दादांनी नाव न घेता तो जानेवारीतला दिवस सांगितला. मागून जाईबाई उठल्या आणि म्हणाल्या, "तो माझा नवरा." मला वाटलं, आता त्या तुला काही बोलणार. तर त्या म्हणाल्या, "ती पोरगी कुठं आहे? शेवटी तो तिच्याशी बोलत होता, असं झोळी उचलणाऱ्यांनी मला सांगितलं. काय बोलत होता, हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. चार वर्षं मी वाट बघतेय. तिला म्हणावं, मला दुसरं काही विचारायचं नाही." शांता, तुला सुट्टी लागतेय. तू ये. एक तारखेच्या गर्दीत आमची सगळ्यांची ड्यूटी आहे, जाईबाईंचीही, पहिलीच. एक तारखेच्या आधी आलीस तर तू आणि जाईबाई माझ्या खोलीत निवांत बसा. मी बाहेर थांबेन, कुणाला आत येऊ देणार नाही.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
मालन