लोकर झाडाला लागते

आबा, माझे सारे शिक्षण तुमच्या एका चुकीच्या उत्तरावर उभे आहे, हे मी आजवर कोणत्याही सभेत सांगितलेले नाही.

टेंभुर्णीच्या शाळेतला तो दिवस आठवतो. शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा खर्च भागवणारा सरकारी वजीफा हवा असेल, तर शाळा तपासणाऱ्या तालीमखात्याच्या साहेबांसमोर एक नमुना पाठ द्यावा लागे. वजीफा हुकला की मी पुन्हा मेंढरांमागे. ‘कापूस आणि लोकर’ हा पाठ मी घोटून ठेवला होता. साहेब आले ते नेमके बाजाराच्या दिवशी. वर्गात एकही मूल नव्हते. तेव्हा तुम्ही बाजारात शिरलात आणि मेंढरे वळवावीत तशी माणसे वळवून आणलीत. “जल्दी चला रे, पोराचा वजीफा अडकून राह्यलाय!” त्यांतल्या एकाची दाढी अर्धीच झाली होती, तो वर्गात बसूनही न्हाव्याच्या नावाने ओरडत होता.

मी विचारतो, कापूस कुठून येतो? सारा वर्ग एका सुरात सांगतो. सरकी कशात असते? तेही सांगतो. साहेब जांभई देतात, “ये तो सब जानते हैं. आपने पढ़ाया क्या?” तेवढ्यात खांद्यावर नवी घोंगडी टाकलेले, जन्मभर मेंढरे राखलेले तुम्ही उठता.

“मास्तर, लोकर झाडाला लागती न्हाई का?”

चुकीचे उत्तर मला तेव्हाही सोसत नसे. “मग आबा, इतकी वर्षं मेंढरं कातरलीत, ती काय झाडावर चढून?” असे म्हणून मी अर्ध्या दाढीवाल्याची बिडी ओढून घेतली, प्रथम कापसाचा धागा जाळला आणि मग तुमच्या घोंगडीची कड. “हुंगा! कापसाला कागद जळल्याचा वास, लोकरीला केस जळल्याचा!” साहेब जागे झाले. “अपने बाप को भी नहीं छोड़ा! शाबाश!” वजीफा तिथेच मंजूर झाला.

परतताना मी धुसफुसत होतो, “साहेबांपुढं लाज घालवलीत.” घोंगडीचे भोक बोटाने चाचपत तुम्ही म्हणालात, “समद्यांनीच बराबर सांगितलं असतं, मंग तू शिकवलं काय असतं?”

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुम्ही ते कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्याल आणि चारचौघांत हसाल. मुख्याध्यापक झाल्यावरही मी चुकीच्या उत्तराला कधी क्षमा केली नाही. फक्त तपासणीच्या दिवशी, साहेब आत येण्यापूर्वी, वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाला बाजूला घेऊन कोणते उत्तर चुकवायचे, ते मीच सांगत असे.