बाबांच्या मीटरची लाल वायर

आई,

मी बाबांच्या कामावर धावत निघालेय. काल माझ्या प्रयोगांसाठी आणलेल्या जुन्या ऑसिलोस्कोप यंत्राबरोबर एक लाल वायर मिळाली होती. ती बाबांच्या वीज तपासायच्या मीटरला लावून तपासली, तर आतून तुटलेली निघाली. पण काढायची राहिली. त्यांची चांगली वायर आत्ता माझ्या टेबलावर दिसली. तुटक्या वायरने चालू तारेवरही मीटर शून्य दाखवतो, आणि शून्य दिसलं की बाबा उघड्या हाताने तार धरतात. त्यांचा फोन इथेच चार्जिंगला आहे. कोणाच्या फोनवरून बोलले, तर आधी सांग, कशालाही हात लावू नका. मला नंतर हवं ते बोल.

सकाळी म्हणाले, "आमच्या शास्त्रज्ञबाईंनी तपासलेला मीटर, आता कसली भीती?" मी मान वर न करताच हो म्हटलं.