माझं गाणं बंद पाडणारा

सोमवार, ४ मार्च

बंद पडलं! सकाळी सहा चाळीसला, कडव्याच्या मधोमध! स्क्रीनवर तेच – दुसऱ्या फोनवर गाणं सुरू आहे. म्हणजे दादा आहे. कुठेतरी आहे, ऐकतोय!

पाच महिने झाले घर सोडून. नंबर बंद, सोशल मीडियावरची सगळी खाती पुसलेली. गाण्यांचं खातं तेवढं विसरला. पासवर्ड त्याच्या वहीत सापडला. एका वेळी एकाच फोनवर वाजतं. मी ऐकत असताना त्याने लावलं, की माझं बंद. एवढाच काय तो आमचा पत्रव्यवहार.

मंगळवार, ५ मार्च

आज मीही हट्टाने पुन्हा लावलं. पुन्हा बंद! पुन्हा लावलं. पुन्हा बंद! लहानपणी टीव्हीच्या रिमोटवरून अशीच मारामारी करायचो. हसता हसता रडूच आलं. मेल्या, एक फोन कर ना!

शनिवार, ९ मार्च

त्याची वेळ कळली – साडेसहा ते सव्वासात. व्यायाम करत असणार. त्याची यादीच आहे तशी, सगळी धांगडधिंग्याची गाणी. मीही त्या वेळेला बैठका सुरू केल्या. वीस झाल्या आणि पाय लटलट कापायला लागले! पण तोही आत्ता हेच करतोय असं वाटतं.

आईला सांगितलं नाही. उगाच आशेला लावायचं आणि मग काय? बाबांना तर नाहीच. 'पुन्हा तोंड दाखवू नकोस' – त्यांचेच शब्द. दादाचं नाव काढलं तरी उठून जातात. वेळेवर फिरायला जातात, वेळेवर जेवतात, वेळेवर झोपतात. कसला दगड आहे हा माणूस!

गुरुवार, १४ मार्च

तीन दिवस झाले, गाणं वाजतंच आहे. अख्खी यादी संपते. कोणी बंद पाडत नाही.

मी कामाला आहे त्या दवाखान्याच्या पेजसाठी दातांच्या डॉक्टरीणबाईंना रोज एक हसरी पोस्ट हवी असते. 'दात आहेत तोवर हसून घ्या!' असं लिहून टाकलं. दोनशे लाइक. बाई खूश. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडात रुमाल कोंबून रडले.

घरी बाबा तापाने अंथरुणाला खिळलेत. आई त्यांच्यापाशी. मला कुणाचं काही सुचत नाही.

शुक्रवार, १५ मार्च

नाही.

रविवार, १७ मार्च

सहावा दिवस. बैठका सोडल्या. सकाळपासून हॉस्पिटलांच्या साइट धुंडाळतेय. 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस' असं टाइप केलं आणि पुढचं बटण दाबवेना. दादा, बंद पाड रे माझं गाणं! शिव्या दे, काहीही कर, पण बंद पाड!

मंगळवार, १९ मार्च

बंद पडलं!! सहा पस्तीसला! पुन्हा लावलं – पुन्हा बंद!

आता बास, बाबांना सांगायचंच, असं ठरवून चपला अडकवल्या आणि बागेकडे पळाले. ताप उतरल्यावर बाबा आज पहिल्यांदाच फिरायला गेले होते. बाकावर बसलेले दिसले. कानात इयरफोन. बाबांच्या कानात! मांडीवरच्या फोनवर दादाची यादी.

म्हणजे रोज... हेच होते.

त्यांनी हात धरून मला शेजारी बसवलं. इतके खुललेले बाबा मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

'कुणाला बोलू नकोस. आईला तर मुळीच नाही. अगं, तुझा दादा आहे! रोज याच वेळी गाणी लावतो. मग माझं मध्येच बंद पडतं. त्याच्या वहीतला पासवर्ड देऊन मोबाईलवाल्याकडून खातं उघडून घेतलं ना, त्यानेच सांगितलं, दुसरीकडे कुणी लावलं की असं होतं. आजारी पडलो आणि जीव टांगणीला लागला होता. आज लावलं, तर लगेच बंद! सुखरूप आहे पोरगा.'

मी 'हो बाबा' म्हटलं.

बुधवार, २० मार्च

साडेसहाला बाबा बाहेर पडले. मी पाच मिनिटं थांबले आणि गाणं लावलं. बाबा हसत घरी आले. आईला म्हणाले, 'पोहे नसतील तर काहीही दे, पण पोटभर दे.'

उद्याही लावायचं.