स्पीकरकडं पाठ

२ ऑक्टोबर २००५, तुर्भे

समोरच्या वस्तीतला उमेश अन् त्याची नाचणारी टोळी आजपण गोडाऊनवर. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा पाहिजे. हमाल मी, म्हणून द्यायचा पण मीच. पुठ्ठा रस्त्यावर टाकतात अन् त्याच्यावर डोकं टेकून गरगर फिरतात. ह्याला म्हणे ब्रेकिंग. नदीतला मासा बाहेर काढला की तो पण हेच करतो. त्याला कोण टाळ्या देत नाही.

९ ऑक्टोबर

उमेशनं न विचारता माहिती दिली. अमेरिकेत गरीब पोरांनी काढलं हे. गाण्यात नुसता ढोल उरतो, तेवढ्यात नाचायचं. दोन टोळ्या समोरासमोर, चाकूच्या जागी पाय. अंगाला हात लावला की हरला.

म्हटलं, असले बूट घालून गरीब? जव्हारकडं आमच्या दाभोशाला या. भोपळ्याचा तारपा फुंकला की शंभर पाय एकदम पडतात. कोण कोणाला हरवत नाही.

"मग ये रविवारी. जिंकलास तर आमच्या टोळीत. नायतर पुठ्ठा दे नि गप बस."

टोळीत कोणाला यायचंय.

१६ ऑक्टोबर

हरलो.

पाय बरोबर पडत होते. पण आमच्यात तारप्याला पाठ दाखवत नाहीत. मी सगळा वेळ स्पीकरकडं तोंड करून नाचलो. उमेश मागं उभा.

त्यांच्यातला मुकेश बोलला, "अबे, उमेश इधर है. स्पीकर से शादी करेगा क्या?" सगळे हसले.

उमेश नाही हसला. "पाय आहेत तुला. पण ज्याच्याशी भिडायचं त्याच्याकडं बघ. दिवाळीच्या पाडव्याला परत ये. मग शेवटचं."

मेहेरबानी! पुठ्ठ्यावरचा राजा.

२० ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत गोडाऊनमधला रेडिओ लावला. त्याच्याकडं पाठ करून उभा राहिलो. मान आपोआप वळते. येडेपणा नुसता.

२३ ऑक्टोबर

शेठच्या फोनवर बाचा फोन, जव्हारच्या बूथवरनं. "बाबल्याकाका इचारतो, दिवाळीला काठी कोन धरनार?" काका तारपा वाजवतो. नाचात सगळ्यांच्या पुढं काठी घेऊन मी असतो, तीन वर्षं झाली.

येतो म्हटलं. तिथं माणसासारखं उभ्यानं नाचता येतं.

३० ऑक्टोबर

बाचा परत फोन आला. सुट्टी नाही म्हटलं, काठी धाकट्या लक्ष्याला द्या. बानं फोन ठेवला.

शेठनं चार दिवसांची सुट्टी दिलीय.