ठरावाला माझी हरकत

हेमलॉक रस्ता,
३१ ऑगस्ट

प्रिय रेनो,

तुला आणि कॅरलला आशीर्वाद. तिच्या गुडघ्याला वेगळा, कारण तुझ्याशी संसार करून तो आधीच थकलेला आहे. इकडे सगळं ठीक. बटाटे काढून झाले, सौनाच्या वाफघराला नवी चिमणी बसवली, ब्लूबेरीच्या अकरा बरण्या भरल्या. त्यातल्या दोन तुझ्यासाठी बाजूला काढल्या होत्या. त्या आता परत फडताळात गेल्या आहेत.

तुझं पार्सल मंगळवारी पोचलं. फोन करणार होते, पण फोनवर तू मध्येच हसतोस आणि मग मला काय म्हणायचं होतं ते राहून जातं. कागद हसत नाही.

बासष्टाव्या वाढदिवसाला माणूस सख्ख्या बहिणीला क्रॉसबो पाठवतो! दस्ता बंदुकीचा, घोडा बंदुकीचा, वर दुर्बीण, आणि नाव तेवढं धनुष्याचं. सोबत चिठ्ठी, "आता तुझा नेम चुकणार नाही." आणि चिठ्ठीच्या खाली घडी घालून आपल्या शिकारी कॅम्पचा ठराव. साठी उलटलेल्या सभासदांनी कॅम्पच्या रानात हाताने ओढायचं धनुष्य वापरू नये. वा! कॅम्पात साठी उलटलेले चारजण, त्यातले तिघे बंदूकवाले. हाताने दोरी ओढणारी एकच. माझं नाव लिहायची तेवढी लाज वाटली वाटतं तुम्हाला.

हा ठराव झाला कधी, तर म्हणे मासे तळायच्या दिवशी. मी लेम्पीच्या मेंढ्यांची लोकर कातरायला गेले होते आणि ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. खाली पाच सह्या. तुझी दुसरी. आणि ऊर्हो काकांनी शेवटी प्रेमाने जोडलेली ओळ: "आयलीला धनुष्य झेपत नसेल तर तिच्या हाताला चव आहेच." रेनो, एकतीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांना जेवायला घातलं. निवृत्त झाले ती तुम्हा पाचजणांना घालायला नव्हे. कॅम्पातला माझा वाटा आबांनी तुझ्याइतकाच लिहून ठेवला आहे.

गेल्या वर्षी माझा नेम चुकला. बरं, चुकला! जगात पहिल्यांदाच चुकला का कुणाचा? चुकलं की शर्टाची शेपटी कापायची, हा आपला नियम. मी गपचूप पाठ करून उभी राहिले, काकांनी कात्री चालवली, तुम्ही ताटल्या वाजवल्या, आणि माझ्या शर्टाचा तुकडा नाव घालून चुलीवरच्या भिंतीला ठोकला. त्याच भिंतीवर आर्वोच्या तीन शेपट्या आहेत. त्यातली एक तो मचाणावर झोपला होता आणि दचकून बार उडाला तेव्हाची. तुझ्या दोन. तुम्हाला कुणी ठरावाने चुलीपुढे बसवलं?

चौदा नोव्हेंबरला, बंदुकीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी, सगळे कॅम्पवर जमतील. तेव्हा हा ठराव पुन्हा मांडायचा. माझ्यासमोर. हे तू काकांना कळव. क्रॉसबो खोक्यासकट परत पाठवते आहे.

तुझी थोरली बहीण,
आयली


हेमलॉक रस्ता,
५ ऑक्टोबर

प्रिय रेनो,

तुझं पत्र मिळालं. कॅरलचा गुडघा सुधारतो आहे हे वाचून बरं वाटलं. पहिलं अख्खं पान डुलूथच्या हवेवर खर्च केलंस, म्हणजे दुसऱ्या पानावर काय असणार ते मी ओळखलं होतं. "हे तुझ्या भल्यासाठीच आहे, आयली." माझ्या भल्याची बैठक मला सोडून भरते, हे तुला विचित्र वाटत नाही?

मात्र एक गोष्ट तू बरोबर लिहिलीस. माझं धनुष्य ओढणं गेल्या दोन वर्षांत बिघडलं आहे, असं तू म्हणतोस. बिघडलं होतं. खांद्याला काही झालेलं नाही, चाळीस पौंडांची दोरी अजून हनुवटीपर्यंत येते. बोटं ऐकत नव्हती. जनावर दिसलं की दोरी पुरती मागे यायच्या आधीच बोटं उघडायची. मी सोडायचे नाही, बाण सुटायचा. हात आपला आणि हुकूम दुसऱ्याच कुणाचा, असं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुला सांगते आहे ते तू ठरावाला पुरवणी म्हणून जोडशील, तरी सांगते.

त्यावर उपाय केला लेम्पीने. हो, आमची शेजारीण लेम्पी, वय एक्क्याऐंशी, जन्मात धनुष्याला हात न लावलेली. सप्टेंबरभर रोज सकाळी मी तिच्या गोठ्यात गवताच्या गठ्ठ्यापासून तीन पावलांवर उभी राहायचे. ती उलट्या बादलीवर सलगम सोलत बसायची. मी दोरी ओढायची आणि सोडायचं की नाही ते तिने ठरवायचं.

"तुला यातलं काय कळतं?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"काही नाही. पण चाळीस वर्षं नवऱ्याला 'थांब' म्हणत आले. ओढ."

मी ओढली.

"परत."

सावकाश दोरी परत नेली. ओढण्यापेक्षा परत नेणं कठीण असतं, हे तुझ्यासारख्या घोडा दाबणाऱ्याला कळायचं नाही.

"ओढ. परत. ओढ. परत."

"अगं बये, एकदा तरी सोडू दे!"

"कशाला? गवत कुठं पळून चाललंय?"

पहिल्या आठवड्यात तिच्या "परत"वर माझे निम्मेअधिक बाण सुटले. एक तिच्या बादलीच्या वीतभर बाजूने गेला. तिने सलगमावरून नजरही उचलली नाही. म्हणाली, "हा मेला कुणी बोलावला?" मी हसले आणि मग तिथेच गवतात बसून रडले. ती म्हणाली, "रड, पण धनुष्य भिजवू नकोस." महिना संपता संपता असं झालं की ती सलगमात रमून हुकूम द्यायचीच विसरायची आणि मी दोरी ओढून उभी. हात भरून आलाय, पण बोटं बंद. त्यांना माझं ऐकायची सवय लागली होती.

तेव्हा झेपत नाही वगैरे जे लिहून ठेवलं आहे, ते खोडा.

पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस की गेल्या वर्षी चुकलेला बाण मला सापडला का, कारण सकाळी भाता मोजताना तुला एक कमी दिसला होता. दलदलीकडे उडाला, गेला चिखलात. एवढा कसला हिशेब ठेवतोस बाणांचा? स्वतःच्या काडतुसांचा ठेव.

आयली


हेमलॉक रस्ता,
३० ऑक्टोबर

प्रिय रेनो,

आशीर्वाद. काल इथे पहिला बर्फ पडला, टिकला नाही. तू या वेळी उत्तर पाठवलं नाहीस, त्याचा राग नाही. मागच्या पत्रातलं माझं शेवटचं वाक्य मला कुणी लिहिलं असतं तर मीही उत्तर दिलं नसतं.

बातमी आधी सांगते. मी हरीण मारलं. कॅम्पच्या रानात नाही, तुमचा ठराव पाळून माझ्याच घरामागच्या सफरचंदांच्या झाडांत. पण त्याच्या नऊ दिवस आधीचं सांगायला हवं, कारण माझ्या लेखी मोठं तेच.

त्या सकाळी शिंगांना आठ फाटे असलेला नर आला. अतिशयोक्ती नाही, आठ. कॅम्पच्या भिंतीवर आहे त्याहून रुंद. चौदा पावलांवर येऊन तो माझ्याकडे तोंड करून उभा राहिला, छाती समोर. त्या कोनातून बाण नीट जात नाही, हे आपल्याला आबांनी मिशी फुटायच्या आधी शिकवलं. तुझी, माझी नव्हे. माझी दोरी हनुवटीला लागलेली. गेल्या दोन वर्षांतली मी असते तर बाण केव्हाच गेला असता. मी थांबले. तो वळेल म्हणून थांबले, वळला नाही. मग मी दोरी परत नेली. तेवढ्या हालचालीने तो उडाला, पांढरी शेपटी उभारून गेला आणि मी झाडाला टेकून वेड्यासारखी हसत बसले. आठ फाटे गेले, आणि मी हसत होते! घरी येऊन लेम्पीला सांगितलं तर म्हणाली, "मग जेवायचं काय?"

एकवीस तारखेला दुसरा आला. दोनच फाटे, अंगाने बेताचा. अकरा पावलांवर आडवा उभा राहिला, पुढचा पाय पुढे टाकलेला. दोरी मागे आली, मी मनात तीन मोजले आणि सोडला. मी सोडला, रेनो. चाळीस पावलांवर तो पडला. तो पडताना दिसला, तरी मी अर्धा तास जागची हलले नाही. मग लेम्पी नातवंडांची घसरगाडी घेऊन आली. "एवढासा? माझी मेंढी याहून थोराड." पण गाडी तिनेच ओढली आणि काळीज तिनेच मागून नेलं. उरलेलं मांस कणकेत भरून पास्ट्या भाजल्या, फ्रीजर भरला.

इथे पत्र संपवता आलं असतं. काल संपवलंही होतं. पाकीट बंद केलं, तिकीट लावलं आणि सकाळी ते फोडलं.

गेल्या वर्षी माझा बाण चुकला नव्हता.

तो लागला होता. बोटं आपोआप उघडली, बाण छातीच्या मागे लागला, पोटात. जनावराने पाठ वाकवली तेव्हाच मला कळलं. रक्त थोडं, त्यात हिरवट कण, आणि वास. अशा वेळी काय करायचं ते कॅम्पातल्या सगळ्यांत मला जास्त ठाऊक आहे. तिथून निघून यायचं, सगळ्यांना सांगायचं, सकाळपर्यंत त्याला पडून राहू द्यायचं. मी थांबले नाही. अंधार पडायला आला होता, पाऊस येणार असं दिसत होतं, आणि मी घाबरून त्याच्यामागे दलदलीत शिरले. त्याला उठवलं, आणखी आत पळवलं आणि हरवलं.

मग कॅम्पवर आले. तुम्ही सगळे जेवायला बसला होतात. आपल्याकडे चुकल्याचं सांगितलं की सगळे हसतात. लागलं पण सापडलं नाही असं सांगितलं की कुणी हसत नाही, पाचही माणसं उठतात आणि जनावर मिळेपर्यंत कामाधामाला जात नाहीत. मला त्या टेबलाभोवती तुमचे चेहरे बदललेले बघायचे नव्हते. मी म्हटलं, "चुकला." काका कात्री शोधायला उठले.

तू मात्र हसला नव्हतास. तू माझ्या गुडघ्यांवरचा चिखल बघितलास. विचारलंस, "आयली, नक्की ना? दिवे घेऊन येऊ का?" एक बूट तू घातलासुद्धा होतास. मी म्हणाले, "बस रे, जेव. सूप निवतंय."

रात्री पावसाने सगळं धुऊन नेलं. सकाळी डोकं दुखतंय असं सांगून मी निघाले, ते घरी नव्हे. दोन दिवस एकटी शोधत होते. पाचजण सकाळी ओळीने त्या दलदलीत शिरले असते तर ते सापडलं असतं, हे मी वर्षभर रोज स्वतःला सांगते आहे. आठव्या दिवशी डोमकावळ्यांमुळे सापडलं. मी त्याला सोडून परत फिरले होते तिथून दोनशे पावलांवर. बाण त्यातच होता. तू मोजलेला, कमी पडलेला.

म्हणजे तुम्ही मला हसलात ते ज्यासाठी, ते मी केलंच नव्हतं. जे केलं त्याला तुमच्या भिंतीवर जागाच नाही. ऑगस्टमध्ये तुझी चिठ्ठी वाचून मी एवढी पेटले त्यात हे किती होतं, ते मला आता वेगळं काढता येत नाही. पण म्हणून तुमचा ठराव बरोबर ठरतो असं समजू नकोस! तो चुकीचाच आहे. वय मोजून केलेला, पाठीमागे केलेला, आणि खाली ती स्वयंपाकाची ओळ. माझ्या हातून जे झालं ते साठीमुळे झालं नाही. बोटांमुळे झालं, त्यांचा इलाज होता आणि तो मी केला. आणि त्यापुढचं खोटं बोलल्यामुळे झालं. त्याला क्रॉसबो काय करणार?

चौदाला मी हे सगळं टेबलापाशी उभी राहून सांगणार आहे, काकांसमोर, आर्वोसमोर. ऐकून त्यांना माझ्या हाती धनुष्य नको वाटलं तर त्यांच्याकडे निदान खरं कारण असेल. आजवर नव्हतं. तुला आधी कळवते आहे, कारण विचारणारा तू एकटाच होतास आणि मी तुला गप्प बसवलं. त्याबद्दल तुझी माफी मागते. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल मागत नाही.

मत तुला हवं तसं दे. माझ्या बाजूने दिलंस तर बहीण म्हणून देऊ नकोस. विरुद्ध दिलंस तरी मी निघून जाणार नाही, जेवायला थांबेन. स्वयंपाक मात्र त्या दिवशी तुम्ही करायचा आहे.

याला उत्तर लिहू नकोस. जे म्हणायचं ते सगळ्यांसमोर म्हण, आणि माझ्याकडे बघून म्हण.

अजूनही रागावलेली,
तुझी आयली