देवमाशाच्या शेपटीआडची खिडकी

ती. चित्स्केताई,

धाकट्या वीबेचा नमस्कार. या ओल्या हवेत तुझे गुडघे किती छळतात आणि होस्सेभावोजींची कबुतरं अजून तुझ्या वाळत घातलेल्या चादरींवरच उतरतात का, ते आधी कळव. मी खणखणीत आहे. जूनमधला आपल्या घराण्याचा मेळावा (माणसं त्रेसष्ट, त्यातली नऊ एकमेकांशी न बोलणारी) यंदा मी सांभाळावा, असं तू लिहिलं आहेस. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार आहे, पण ते शेवटी देतो. मधलं सगळं कळल्याशिवाय ते तुला पटायचं नाही.

चौतीस वर्षं कालव्यावरचा पूल वरखाली करून मी गेल्या ऑक्टोबरात निवृत्त झालो, हे तुला ठाऊकच आहे. निवृत्त माणूस दिवसभर घरी सापडतो, हे गावाला कळायला किती वेळ लागतो? मोजून चार दिवस लागले. पाचव्या दिवशी बेडकांची बाई दारात उभी. मार्चमध्ये बेडूक रानातून तळ्याकडे निघतात आणि आमच्याच वळणावर गाड्यांखाली चिरडतात, म्हणून संध्याकाळी त्यांना बादलीत घालून रस्त्यापलीकडे सोडायचं. मी हो म्हणालो. मग नांगराखाली येऊ नयेत म्हणून टिटव्यांच्या घरट्यांशेजारी झेंड्या रोवणारे आले, गावची बंद झालेली बस परत मागणारे आले, चर्चमधली फुटकी बाजाची पेटी दुरुस्त करणारे आले, मधमाशांचे आले, देवमासे वाचवणारे आले. पंचाईत अशी, ताई, की यातलं कुणीही खोटं बोलत नव्हतं. खोटं बोलणाऱ्याला दारातूनच वाटेला लावता येतं. खरं बोलणाऱ्याला आत घेऊन कॉफी द्यावी लागते, एक बिस्कीट द्यावं लागतं, आणि बिस्किटाचा डबा बंद होईपर्यंत आपण सही करून बसलेलो असतो. फेब्रुवारीपर्यंत माझ्या अंगावर चौदा कामं होती आणि रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीत चौदा कागदी फलक होते. 'पवनचक्क्या हव्यात' आणि 'पवनचक्क्या नकोत' हे दोन्ही शेजारीशेजारी. काय करणार? दोन्हीकडचे लोक बिचारे पावसात भिजत आले होते.

मग माझी जी काही दैना उडाली ती विचारू नकोस. वाटाण्याचं सूप उभ्यानं प्यायचो, आणि कुठल्या सभेला कुठलं जाकीट घालायचं याची यादी फडताळाच्या दाराला चिकटवलेली असायची (ती यादी हरवली ते निराळंच). एका शनिवारी पवनचक्की नको म्हणणाऱ्यांच्या सभेत जाऊन मी पवनचक्की हवी या बाजूनं वीस मिनिटं कळवळून बोललो. अंगात बेडकांचं चमकणारं जाकीट, हातात टिटव्यांची झेंडी. लोकांना वाटलं, मी समोरच्या पक्षाची नक्कल करतोय. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मला कार्यकारिणीवर घेतलं. तरी खरं सांगतो, मला ते दिवस आवडत होते. रिंस्के मला एकटं टाकून गेल्यापासून (येत्या मेमध्ये चार वर्षं होतील) माझ्या दारावरची घंटा इतक्यांदा कधी वाजली नव्हती.

आता फ्राउक्येकाकूचं. तीच ती, समोरच्या घरातली, शहाऐंशी वर्षांची, तुझ्या लग्नात पाद्रीबाबांना मोठ्यानं बोला म्हणून दटावणारी. रिंस्के गेली त्या आठवड्यापासून आमचा एक रिवाज पडला होता. सकाळी साडेसातला काकू तिच्या खिडकीचा रात्रीचा पातळ पडदा वर करायची, मी माझ्या खिडकीत कॉफीचा पेला घेऊन उभा असायचो, ती मान हलवायची, मी मान हलवायचो, आणि दोघांचाही दिवस सुरू व्हायचा. हे कुणी ठरवलं नव्हतं. आपल्याकडे पुढच्या खिडकीला जाड पडदे लावायची पद्धत नाही त्याचं कारण लोक काहीबाही सांगतात, पण मला विचारशील तर कारण हेच आहे. आणि त्याच खिडकीवर मी चौदा फलक चिकटवले होते.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी मी तालुक्याच्या सभागृहात कॉफी वाटत होतो. सभेचा विषय होता 'एकट्या वृद्धांकडे लक्ष द्या'. (हसू नकोस. मी तरी अजून हसलेलो नाही.) साडेबाराला पंधरावा फलक काखोटीला मारून घरी आलो. तो लावायला जागाच नव्हती, म्हणून देवमाशाच्या फलकाचा कोपरा जरा सोलला. त्याच्या शेपटीमागच्या त्या वीतभर भोकातून समोर पाहिलं, तर काकूचा पडदा अजून खालीच.

मी मोज्यांवर धावलो. काकूच्या दाराच्या फटीतून अजून जुन्या काळासारखी दोरी लोंबते, ती ओढली की दार उघडतं. काकू स्वयंपाकघरात फरशीवर पडली होती, सकाळी सातपासून. मनगट मोडलं होतं. टेबलावर अंथरायचा गालिचा तिनं दुसऱ्या हातानं खाली ओढून अंगावर घेतला होता. ओठ निळे पडले होते, पण जीभ जाग्यावर होती.

"आलास का मेल्या? मी म्हटलं, देवमासा होऊन आले असते तर लवकर दिसले असते."

मला रडू आलं, ताई. साडेपाच तास ती माझ्या घरापासून वीस पावलांवर पडली होती.

पुढच्या रविवारी प्लास्टरातला हात घेऊन काकू माझ्या घरी येऊन बसली आणि एकेक फलक उतरवायला लावला. प्रत्येकाला एकच प्रश्न. "तू गेला नाहीस, तर तिथं कोण जाईल?" बसच्या मागे अख्खं गाव होतं. पवनचक्क्यांना दोन्हीकडून ओरडायला भरपूर घसे होते. टिटव्यांसाठी मी फार गयावया केली, पण शेतकऱ्याची थोरली लेक ते काम माझ्याहून चांगलं करते (मी दोन झेंड्या भलत्याच, रिकाम्या खड्ड्यांशेजारी रोवल्या होत्या). बेडकांपाशी मात्र ती थांबली. आमच्या वळणावर खरंच दुसरं कुणी नाही. बेडूक राहिले. देवमासा मी स्वतःच उतरवायला गेलो, तर म्हणाली, "तो राहू दे. लांबचं एक असावं माणसाला, नाहीतर सगळं जग आपल्या गल्लीएवढंच वाटायला लागतं. पण खिडकीत नको, फडताळावर लाव." म्हणून आता माझ्याकडे एक जवळचं काम आहे, एक लांबचं आहे, आणि मधे मोकळी काच आहे. बाकीच्यांना मी राजीनामे दिले. कुणी दार आपटलं नाही, कुणी रडलं नाही. बाजावाले म्हणाले, बरं. मी नसल्यामुळे काहीच अडलं नाही याचं दोन दिवस वाईट वाटलं, तिसऱ्या दिवशी सूप बसून प्यायलो.

तर ताई, मी आता सुटलेला माणूस आहे. काय करायचं आणि काय नाही, हे मला अखेर समजलं आहे. भावोजींना नमस्कार, कबुतरांना दटावणी.

तुझा,
वीबे

ता. क. मेळाव्याचं उत्तर: नाही. जन्मात पहिल्यांदा तुला नाही म्हणतोय, तेव्हा मन मोठं कर.

ता. क. २. हे पत्र काकूनं वाचलं (मी दिलं नव्हतं, तिनं घेतलं). तिनं तोच प्रश्न विचारला. मी केला नाही, तर मेळावा कोण करेल? तूच करशील, त्या गुडघ्यांवर, आई गेल्यापासून दरवर्षी करतेस तसाच. मी हे आधी विचारातच घेतलं नव्हतं. तेव्हा हो. पण सूप आणि खुर्च्या, एवढंच. न बोलणारे नऊ जण भावोजींकडे.

ता. क. ३. काल काकूच्या खिडकीत फलक लागला, तिच्या आयुष्यातला पहिला. उजवा हात प्लास्टरात, म्हणून डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलाय: 'वीबे वाचवा'. सोबत सह्यांचा कागद आहे. मला परत कुणी कुठल्याही कागदावर सही करायला लावू नये, अशी त्यात गावाला विनंती आहे. एक प्रत तुला धाडतोय, सही करून उलट टपाली पाठव. आतापर्यंत सात झाल्यात. पहिली माझी आहे. काय करणार, काकू पावसात भिजत आली होती.