गाव इथलं, जन्म परमुलखातला

नोएडा, जि. गाझियाबाद
३ ऑगस्ट १९९७

चि. सौ. उत्तरास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मी कामात होते. हे वाचून तू हसशील, कारण नोकरी संपल्यापासून मला काम असं उरलेलं नाही. पण आहे बाई! स्वातंत्र्याच्या पन्नाशीनिमित्त आपल्या मराठी मंडळानं गणपतीत प्रदर्शन भरवायचं ठरवलं आहे, 'आपल्या जिल्ह्यातले थोर'. एकेका जिल्ह्याला एकेक फलक. पहाडगंजच्या शाळेत जन्मभर फळ्यावर सुवाच्य अक्षर काढल्याची शिक्षा म्हणून रत्नागिरी माझ्या गळ्यात पडली. गुणवंतराव स्वतः कार्डशीट आणि रंग घेऊन आले. दोन बस बदलून आले बिचारे, आणि आमचा ब्लॉक सापडेना म्हणून उन्हात हिंडत राहिले. इथे अजून पाट्या लागलेल्या नाहीत.

गुणवंतराव आठवतात ना? मंडळाचे चिटणीस, सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा नियम एकच. ज्याचा जन्म जिल्ह्यात, तोच फलकावर. टिळक बसले, प्रश्नच नाही. महर्षी कर्व्यांवरून मात्र आमची जुंपली.

ते म्हणाले, "कर्वे मुरूडचे."

मी म्हटलं, "मुरूडचे खरे, पण जन्म शेरवलीचा. आजोळी."

"अहो, आजोळ कशाला लिहायचं? माणूस कुठला ते लिहा. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यातली तर आहेत!"

"जन्माचा नियम तुमचाच ना? मग बाई जिथे बाळंत झाली ते गाव नको लिहायला?"

यावर ते चहा प्यायले. दुसरं काय करणार.

पण पुढे त्या नियमानं त्यांनाच अडवलं. झाशीच्या राणीचं सासर मूळचं आपल्या लांज्याकडचं, पण ती जन्मली काशीला. बाबासाहेबांचं गाव आंबडवे, जन्म महूचा. गुणवंतराव स्वतः त्याच मंडणगड तालुक्यातले, घरात दर्शनी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. आपल्याच नियमानं बाबासाहेब फलकाबाहेर राहतात हे लक्षात आल्यावर त्यांचा चेहरा इतका उतरला, की भांडण जिंकल्याची मला लाज वाटली. शेवटी मीच सुचवलं, दुसरा फलक करू, 'गाव इथलं, जन्म परमुलखातला'. स्वारी एकदम खूश. "बिल्कुल बरोबर, हेमलताताई! आपली दिल्लीची सगळी पोरं याच फलकावर यायची." तूसुद्धा, बरं का. चिपळूणची उत्तरा, जन्म सफदरजंग हॉस्पिटल.

बाकी ठीक. वीज जाते, येते. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर बिल्डरनं भलामोठा बोर्ड लावला आहे, त्यावर पोहण्याचा तलाव आणि टेनिस खेळणारी बाई. बोर्डाखाली म्हशी बसतात. तुझ्या पायांना सूज आहे म्हणतेस, तर मीठ कमी कर आणि पाय उशीवर ठेवून झोप. सासूबाई काळजी घेतात हे वाचून बरं वाटलं.

आतली खोली रिकामी केली आहे. सहजच. बाबांचं टेबल बाल्कनीत हलवलं, पलंग खिडकीपासून लांब घेतला, तिथून लूच्या झळा येतात म्हणून. आता ऑक्टोबरात कुठली लू, पण घेतला. जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवते आहे. मंडळात बायका विचारतात, उत्तरा कधी येतेय? मी सांगते, डॉक्टर म्हणतील तशी. तू डॉक्टरांना विचारलंस का? पुढे पुढे आगगाडीचा प्रवास करू देत नाहीत म्हणे. बंगळूरच्या विमानाचं मला माहीत नाही. जयदीपरावांना ठाऊक असेल.

त्यांना आशीर्वाद, तुझ्या सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
आई


नोएडा
१८ सप्टेंबर १९९७

चि. उत्तरास आशीर्वाद.

भाटियांच्या फोनवर तू जे बोललीस, त्याला मी नुसतं "बरं, बरं" म्हटलं, कारण मिसेस भाटिया शेजारीच मेथी निवडत होत्या. त्यांना मराठी कळत नाही, पण चेहरा कळतो. म्हणून आता लिहिते आहे.

आधी प्रदर्शनाचं सांगते, नाहीतर राहून जाईल. गर्दी चांगली झाली. गुणवंतरावांची सून देविका आली होती. दिल्लीतच वाढलेली, मराठी बोलते पण मध्येच शब्द संपतात. कर्व्यांच्या नावापाशी थांबली आणि म्हणाली, "काकू, आजोळ म्हणजे?"

"नानी का घर, बाई."

"अच्छा! म्हणजे त्यांची मदर डिलिव्हरीसाठी तिकडे गेली होती?"

"हो. तेव्हा लेकी आईकडेच यायच्या."

तिनं पुन्हा वरपासून खालपर्यंत फलक वाचला आणि हसून म्हणाली, "मग जन्म लिहायचा असेल तर हा बोर्ड आज्यांचाच आहे यार, काकू."

ती गंमतीनं बोलून पुढे गेली, कोल्हापूरच्या फलकाकडे. मी मात्र तिथेच उभी राहिले. नियमापायी गुणवंतरावांशी एवढी भांडले, पण आपण नक्की कशासाठी भांडतो आहोत हे मला तोवर कळलं नव्हतं.

आता तुझं. तू म्हणालीस, "आई, माझं माहेर सरकारजमा झालं. बाबा रिटायर झाले, क्वार्टर गेलं, संपलं. नोएडा तुझं घर आहे, माझं नाही. आणि त्या जंगलात मी बाळंत होणार नाही. बाबांना तिथून वेळेवर नेता आलं नाही."

यातला एकही शब्द खोटा नाही, म्हणूनच फार लागला. मी मागच्या महिन्यात सरोजिनी नगरला गेले होते. मार्केटात जायचं म्हणून निघाले आणि पाय आपोआप क्वार्टरकडे वळले. आपल्या व्हरांड्यात कुणाचे तरी टॉवेल वाळत होते. तू लावलेला कढीपत्ता दाराच्या वर गेला आहे. आतून एक बाई आली आणि म्हणाली, "किससे मिलना है?" मी म्हटलं, "किसी से नहीं." तिथे बाळंतपण झालं असतं तर शेजारच्या चार घरांतून डबे आले असते, आणि सफदरजंग तर रिक्षेनं पाच मिनिटं. मला कळतं सगळं.

बाबांचं मी तुला फक्त "उशीर झाला" एवढंच सांगितलं होतं. उशीर कसा झाला ते सांगितलं नव्हतं. जानेवारीतली भरदुपार होती. भाटियांकडून फोन केला. ॲम्ब्युलन्स सेक्टरात आली होती, उत्तरा. मला सायरन ऐकू येत होता, कधी जवळ, कधी लांब. सगळे ब्लॉक सारखेच पिवळे, एकावरही नंबर नाही. भाटिया पतिपत्नी दोन बाजूंना धावली. मी खाली जावं तर हे वर एकटे, वर थांबावं तर वाटायचं, आपणच जायला हवं होतं. मी वर थांबले. त्यांचा हात हातात होता. सायरन लांब गेला तेव्हा ते म्हणाले, "आपल्याकडे नसेल." त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

सायरन अजून ऐकू येतो मला. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. तुझी भीती वावगी नाही, हे सांगायला लिहिते.

आता मी काय केलं ते ऐक. प्रदर्शनाच्या कमानीचा पांढरा ऑइलपेंट उरला होता. तो मागून आणला, आणि काल सकाळी पदर खोचून बाहेर पडले. मेन रोडच्या कोपऱ्यावर पहिला बाण काढला. मग पाण्याच्या टाकीवर, मग वळणावरच्या भिंतीवर, असे जिन्यापर्यंत काढत आले. ब्लॉकवर हातभर उंचीचा नंबर घातला. शाळेतलं अक्षर आहे, आंधळ्यालासुद्धा वाचता येईल. सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले. "मॅडम, ये क्या कर रही हैं? दीवार सोसायटी की है!" मी म्हटलं, "बेटी आने वाली है, भाईसाहब. पहला बच्चा है." त्यांनी टाकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तो फिर वो मोड़ पे भी एक बना दीजिए." म्हणून तिथेही काढला.

हॉस्पिटलची चौकशी केली आहे. भाटियांची मारुती आहे, त्यांनी स्वतःहून विचारलं. डॉक्टरांची चिठ्ठी असली तर विमानात अजून घेतात.

तुझ्या वेळी मी माहेरी गेले नव्हते. सगळ्यांना सांगितलं, शाळेत रजा मिळाली नाही. रजा होती. माझी आई मी मॅट्रिकला असतानाच गेली, आणि वहिनीनं बोलावलं नाही. वाट पाहिली, पत्र आलं नाही. सफदरजंगच्या वॉर्डात प्रत्येकीच्या उशाशी तिची आई बसली होती. तुला कुशीत घेऊन मी ठरवलं होतं, हिच्यावर ही वेळ येऊ द्यायची नाही. माझ्या वेळी माहेरचं घर होतं, आई नव्हती. तुझ्या वेळी आई आहे, तर तू म्हणतेस घर नाही.

मागच्या पत्रात 'सहजच' लिहिलं होतं. सहज काही नव्हतं. ये. मला एकटीला इथे फार जड जातं, आणि तू माझ्याकडे यावंस असा माझा हट्ट आहे.

तुझी,
आई


नोएडा, जि. गौतमबुद्ध नगर
२६ ऑक्टोबर १९९७

चि. सौ. उत्तरास, आणि अजून नाव न ठेवलेल्या छोट्या बाईसाहेबांस, आईचे आणि आजीचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर तिचं रडणं ऐकलं. आवाज खणखणीत आहे, तुझ्यावर गेली. माझे हात पिठाचे होते म्हणून मिसेस भाटियांनी रिसीव्हर माझ्या कानाशी धरला होता, आणि त्याच माझ्याआधी रडल्या. "बधाई हो, नानी!" म्हणून तोंडात बर्फी कोंबली. तू का आली नाहीस हे त्यांनी विचारलं नाही. चांगली बाई आहे.

तू सुखरूप सुटलीस, यापुढे मला दुसरं काही नको. खरंच सांगते. सासूबाईंनी सगळं प्रेमानं केलं, त्यांना माझे आभार कळव. डिंकाचे लाडू कुरियरनं पाठवले आहेत, त्यासोबत दुपटीही आहेत. निळ्या काठाचं आहे ते माझ्या शाळेच्या साडीचं. तिला तेच आधी घाल.

पत्त्यातला जिल्हा बदललेला दिसला ना? आमचा नवा जिल्हा काढला आहे. पोस्टमन सांगून गेला, आता असंच लिहायचं. बुद्धाचं नाव म्हणून गुणवंतराव खूश आहेत. म्हणाले, "ताई, पुढच्या वर्षी याचाही फलक करू. पण त्यावर लिहायचं कोण?" मी म्हटलं, कोराच लावा. घरी आल्यावर मात्र वाईट वाटलं. आपली पोरगी त्यावर पहिली बसली असती.

बाणांचा उपयोग फार झाला. दूधवाला, केबलवाला, कुरियरवाला, सगळे न विचारता येतात. सेक्रेटरी भेटले की म्हणतात, "बिटिया आ गई?" मी सांगते, "वहीं हो गई, बंगलौर में." मग ते आपल्या वाटेला लागतात आणि मी माझ्या.

सव्वा महिना झाला की येशील का, असं मी विचारलं, तेव्हा तू "बघू" म्हणालीस. बाबांच्या ऑफिसात 'बघू' म्हणजे नाही असायचं, फाइल परत कपाटात जायची. आपल्या घरात मात्र तू नवे सँडल मागितलेस की मी 'बघू' म्हणायचे, आणि रविवारी तुला मार्केटात घेऊन जायचे. तुझं 'बघू' ऑफिसातलं की घरातलं, हे मी फोनवर विचारलं नाही.

कधीतरी कुणी गुणवंतराव पोरीच्या नावापुढे सगळं मांडतील. जन्म बंगळूर. गाव जयदीपरावांचं, सांगली. त्यापुढे आजोळ येईल. तिथे काय लिहायचं ते तुझ्या हातात आहे. मोकळं सोडू नकोस एवढंच मागते.

गुरुवारी दिवाळी. फराळ एकटीपुरता काय करायचा, तरी चकल्या पाडल्या. एक पणती दारात लावीन आणि एक मेन रोडच्या कोपऱ्यावर, पहिल्या बाणापाशी. रंग अजून ताजा आहे. विमानतळावरून टॅक्सी केलीस तर त्याला एवढंच सांग, बाण दिसतील तसा चल.

तुझी,
आई
मु. तुझं माहेर, दुसरा मजला, बाण संपतात तिथे